मामांची रायफल आणि चेंबर कापायचा प्रश्न

वारशात आलेली कस्टम रायफल, कॅलिबर जुनं, दुकानात गोळ्या मिळतात पण निवड फार कमी, अशा वेळी चेंबर (बॅरलच्या मागच्या टोकाची, काडतूस बसतं ती पोकळी) नव्या काडतुसासाठी कापून घ्यायचं का, हा प्रश्न मी बराच काळ डोक्यात घेऊन फिरत होतो. आता निर्णय झालाय म्हणून सगळं सविस्तर लिहितोय. मी शोधत होतो तेव्हा एकतर "कापून टाक, काय होतंय" म्हणणारे भेटले नाहीतर "वडीलधाऱ्यांची वस्तू आहे, हात लावू नकोस" म्हणणारे, पण आधी त्या चेंबरचं माप घे असं कुणीच म्हणालं नाही. माझ्या मते सुरुवात तिथूनच व्हायला हवी.

रायफल माझ्या मामांची. मिलिटरी माउजर ९८ या जुन्या जर्मन सैनिकी रायफलची अ‍ॅक्शन, म्हणजे बोल्ट आणि तो बसतो तो रिसीव्हर, घेऊन त्यांनी एका गनस्मिथकडून ती बनवून घेतली होती, ७×५७ मध्ये, म्हणजे ७ मिलिमीटर बुलेटच्या आणि ५७ मिलिमीटर केसच्या काडतुसासाठी (केस म्हणजे काडतुसाची पितळी नळी). २४ इंची बॅरल, अक्रोडाचा स्टॉक, बॅरलवर उघडी साइट, पट्ट्याचं पुढचं कडंही बॅरललाच. रिसीव्हरवरचा क्लिपचा उंचवटा घासून काढलाय, बोल्टचं हँडल स्कोपखालून फिरेल असं वळवलंय, आणि बॅरलवर हाताने कोरलेलं कॅलिबर आणि भोवती बारीक वेलबुट्टी. मामांनी ती जपून ठेवायला केली नव्हती, भरपूर वापरली, बोल्टच्या मुठीवरचं ब्लूइंग पूर्ण उडालंय. ते गेल्यावर मामी म्हणाल्या की जो वापरेल त्यानेच न्यावी, मामेभावाकडे स्वतःची चांगली रायफल आहे, म्हणून परवान्याचं सगळं रीतसर करून ती माझ्याकडे आली.

७×५७ बद्दल थोडं सांगतो कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. पॉल माउजरच्या कारखान्याने हे काडतूस १८९२ च्या सुमारास आणलं, १८९३ मध्ये स्पेनच्या सैन्याने ते घेतलं. इंग्लंडमध्ये रिग्बी कंपनीने तेच .२७५ रिग्बी म्हणून विकलं, आणि जिम कॉर्बेटला चंपावतची वाघीण मारल्याबद्दल १९०७ मध्ये जी रायफल भेट मिळाली ती याच काडतुसाची. आफ्रिकेत बेल नावाच्या शिकाऱ्याने शेकडो हत्ती याच काडतुसाने मारले, लांब सॉलिड बुलेट वापरून आणि शरीररचनेच्या जबरदस्त अभ्यासावर, ते काही कुणी अनुकरण करण्यासारखं नाही, पण या काडतुसाची ताकद लांब जड बुलेटमध्ये आहे ही गोष्ट त्यातून कळते. ही गोष्ट पुढे मला फार उपयोगी पडली.

अडचण अशी की फॅक्टरीची ७×५७ मुद्दाम सौम्य भरलेली असते. १८९३ आणि १८९५ च्या जुन्या माउजर अजून लोकांकडे आहेत, त्या ९८ इतक्या मजबूत नाहीत, म्हणून अमेरिकन स्टँडर्डमध्ये या काडतुसाचं कमाल प्रेशर ५१,००० पीएसआय (प्रति चौरस इंच पाउंड) ठेवलंय, आणि .२८० रेमिंग्टन या त्याच व्यासाच्या दुसऱ्या काडतुसाचं ६०,०००. परिणाम असा की १४० ग्रेन (सुमारे ९ ग्रॅम) बुलेटची फॅक्टरी ७×५७ साधारण २,६६० फूट प्रति सेकंदाने जाते आणि त्याच वजनाची .२८० साधारण ३,००० ने. आणि मला जी १४० ग्रेनची फॅक्टरी गोळी मिळत होती ती या रायफलमधून १०० यार्डांवर अडीच-तीन इंचात पसरत होती. वेगही कमी, ग्रुपही असा, म्हटल्यावर कुणालाही वाटणार की चेंबर बदलूया.

मामेभाऊ तर पहिल्यापासून हेच म्हणत होता. "दादा, .२८० करून घे. गोळीचा व्यास तोच आहे, बॅरल तेच राहतं, रीमर फिरवला की झालं. माझ्याकडे ब्रास आहे, डाय आहेत, सगळं तुला देतो." (रीमर म्हणजे चेंबर कापायचं हत्यार, ब्रास म्हणजे रिकाम्या केस, डाय म्हणजे गोळी भरताना केसला आकार देणारी हत्यारं.) त्याचं म्हणणं उथळ अजिबात नव्हतं. दोन्ही काडतुसांची बुलेट .२८४ इंचाचीच आहे, .२८० ची केस ६४.५ मिलिमीटर आणि ७×५७ ची ५७, म्हणजे नवीन चेंबर जुन्यापेक्षा लांब आणि खांद्याजवळ (केस मानेकडे निमुळती होते तिथे) रुंद. चेंबर कापायची मूळ अट हीच असते की नवीन काडतूस जुन्यापेक्षा सगळीकडून मोठं हवं, कारण रीमर धातू काढतो, परत घालत नाही. जिथे जुनं चेंबर मोठं असेल तिथे ते मोठंच राहतं.

पण "सगळीकडून" हा शब्द नीट बघायला हवा. ७×५७ ची केस बुडाशी सुमारे १२.०१ मिलिमीटर आहे आणि .३०-०६ च्या घराण्यातल्या काडतुसांची, ज्यात .२८० येते, सुमारे ११.९६. म्हणजे .२८० चा रीमर पूर्ण आत गेला तरी बुडाशी जुन्या चेंबरची एक अंगठी किंचित मोठी राहणार. त्याने स्फोट वगैरे होत नाही, पण केस तिथे जरा जास्त फुगते, परत साइज करताना ब्रासवर जास्त ताण येतो आणि ब्रास लवकर संपतो. ही अंगठी काढायची तर बॅरल थोडं मागे घ्यावं लागतं.

बॅरल मागे घेणं ही गोष्ट ऐकायला किरकोळ वाटते, कस्टम रायफलमध्ये ती किरकोळ नाही. माउजर ९८ च्या बॅरलच्या आट्या इंचाला १२. बॅरलवर साइट असेल तर बॅरल अर्धा किंवा पाव फेरा फिरवून चालत नाही, साइट बाजूला जाते, म्हणून पूर्ण एक फेरा मागे घ्यायचा, म्हणजे २.१ मिलिमीटर. तेवढं बॅरल मागे आलं की त्याचा उतार स्टॉकमध्ये कोरलेल्या खाचेत जुळत नाही, पट्ट्याचं कडं सरकतं, आणि ज्या कारागिराने लाकूड धातूला इतकं चिकटवून बसवलंय की मध्ये कागद जात नाही तिथे फट दिसायला लागते. फट बेडिंग करून भरता येते, मी स्वतः दुसऱ्या रायफलवर भरलेली आहे, पण या स्टॉकवर मला ते करायचं नव्हतं.

सगळ्या शक्यता मोजून बघायच्या म्हणून मी अ‍ॅक्ली इम्प्रूव्हडचाही विचार केला, म्हणजे काडतूस तेच ७×५७ पण भिंती सरळ आणि खांदा ४० अंशांचा, केसमध्ये थोडी जास्त पावडर मावते. याची चांगली बाजू अशी की साधी फॅक्टरी गोळीही त्यातून उडवता येते, उडवल्यावर केस नवीन आकार घेऊन बाहेर येते. पण ते सुरक्षित व्हायचं तर हेडस्पेस (बोल्टपासून चेंबरच्या खांद्यापर्यंतचं अंतर) मूळ गो गेजपेक्षा, म्हणजे त्या अंतराच्या किमान मापाच्या गेजपेक्षा, ०.००४ इंच कमी ठेवावा लागतो, म्हणजे साधी गोळी मान आणि खांद्याच्या जोडावर घट्ट धरली जाते. जुन्या चेंबरमध्ये नुसता रीमर घालून हे साधत नाही, बॅरल मागे घ्यावंच लागतं, म्हणजे परत तेच २.१ मिलिमीटर. ज्यांना कुणी "बॅरल न काढता इम्प्रूव्हड करून देतो" असं सांगतं त्यांनी हेडस्पेस कसा धरणार हे आधी विचारावं.

मग मी एका अनुभवी गनस्मिथकडे गेलो. त्यांना मी सरळ विचारलं की तुम्ही काय कराल. ते म्हणाले, "अजून काहीच सांगणार नाही. आधी चेंबरचा साचा काढू, आत काय आहे ते न बघता मी कुणालाच उत्तर देत नाही." मला हे फार आवडलं.

चेंबर कास्ट मी पहिल्यांदाच जवळून बघितलं. सेरोसेफ नावाचा बिस्मथचा मिश्रधातू असतो, तो साधारण ७० ते ८८ अंश सेल्सिअसला वितळतो, म्हणजे उकळत्या पाण्यापेक्षाही कमी. बोल्ट काढायचा, चेंबर आणि बॅरल तेल न ठेवता स्वच्छ पुसायचं, थ्रोटच्या (चेंबर आणि रायफलिंग, म्हणजे बॅरलमधल्या पिळाच्या खाचा, यांच्यामधला भाग) थोडं पुढे बॅरलमध्ये कापडाचा बोळा घट्ट बसवायचा, नळीचं तोंड खाली करून मागून धातू ओतायचा, आणि चेंबरच्या काठाच्या वर जाऊ द्यायचा नाही कारण लगच्या (बोल्ट कुलुपासारखा अडकवणारे दात) खाचेत गेला तर बाहेर येत नाही. थंड होताना तो आधी आकसतो, साधारण अर्धा तास, त्यातच नळीच्या तोंडाकडून हलकेच ढकलून काढायचा. मग तो परत फुगायला लागतो आणि तासाभराने त्याचं माप चेंबरच्या मापाइतकं होतं, त्या वेळी मोजायचं. नुसतं ठेवून आठवड्याने मोजलं तर माप मोठं येणार.

साचा हातात आल्यावर चित्र स्वच्छ झालं. चेंबर गोल, गुळगुळीत, गंज नाही, खड्डे नाहीत. हेडस्पेस गो गेजवर बोल्ट बंद, नो-गोवर (कमाल मापाच्या गेजवर) बंद होत नाही, म्हणजे जसं हवं तसं. लगच्या बैठका गनस्मिथनी लाइट टाकून तपासल्या, कुठे दबल्याची खूण नाही. पण थ्रोट लांब होता. केसच्या तोंडापासून रायफलिंग सुरू होईपर्यंतचं अंतर इतकं की १४० ग्रेनची टोकदार बुलेट केसमधून सुटल्यावर रायफलिंगला लागायच्या आधी बराच मोकळा प्रवास करते, आणि त्या प्रवासात ती सरळच राहील याची खात्री नसते. मला वाटलं झीज झाली असेल. गनस्मिथ म्हणाले की झिजलेल्या थ्रोटच्या कडा खरबरीत आणि भेगाळलेल्या दिसतात, इथे कडा स्वच्छ आहेत, हा थ्रोट असाच कापलेला आहे.

असाच का कापला ते मामांच्या कपाटात सापडलं. त्यांनी स्वतः भरलेल्या गोळ्यांचे दोन जुने डबे होते. दुसऱ्याने भरलेली गोळी मी कधीही उडवत नाही, मामांची असली तरी नाही, आत कुठली पावडर किती आहे ते लिहिलेलं असलं तरी नाही. त्या मी कोलेट पुलरने उघडल्या, पावडर बाजूला काढून नष्ट केली आणि बुलेट मोजल्या. १७५ ग्रेन, गोल नाकाच्या, केसमध्ये बऱ्यापैकी बाहेर बसवलेल्या. साच्याशेजारी ठेवून माप जुळवलं तर बुलेटचा रुंद भाग रायफलिंगपासून जेमतेम मिलिमीटरभर मागे. म्हणजे त्या गनस्मिथने थ्रोट नेमका याच बुलेटसाठी कापला होता. ७×५७ चं मूळ सैनिकी काडतूसही ११.२ ग्रॅमच्या, म्हणजे १७३ ग्रेनच्या गोल नाकाच्या बुलेटचंच होतं, आणि ट्विस्टही त्यासाठीच २२० मिलिमीटरला एक फेरा असा जलद. मामींना विचारलं तर त्या लगेच म्हणाल्या, "त्यांना जड आणि सावकाश जाणारीच गोळी लागायची, मांस कमी खराब होतं म्हणायचे."

इथे माझा प्रश्नच बदलला. मी विचारत होतो रायफल नीट मारत नाही तर काय कापू, आणि आता विचारायचं होतं की मी तिला काय खायला घालतोय.

तरी मी मामेभावाचं म्हणणं सोडलं नाही, कारण गनस्मिथनी प्रामाणिकपणे हेही सांगितलं की .२८० चा रीमर घातला तर नवीन केसची मान साडेसात मिलिमीटर पुढे जाईल, हा लांब थ्रोट बराचसा त्यात खाल्ला जाईल आणि १४० ग्रेनची बुलेट रायफलिंगच्या जवळ येईल. म्हणजे ग्रुप सुधारण्याची खरी शक्यता होती. मग त्यांनी रायफल टेबलावर उघडून मॅगझिन दाखवलं आणि माझ्या बाजूने तिथेच निकाल लागला.

माउजरचं मॅगझिन नुसता डबा नाही. आत काडतुसं डावी-उजवी अशी दोन रांगांत बसतात आणि एकमेकांना ठरावीक कोनातच टेकली पाहिजेत, त्यासाठी डब्याची रुंदी केसच्या व्यासाच्या सुमारे १.८६६ पट लागते, मागे बुडाच्या व्यासावरून आणि पुढे खांद्याच्या व्यासावरून. म्हणजे डबा काडतुसाच्या उतारानुसार पुढे अरुंद होत जातो. ७×५७ ला उतार जास्त, .२८० ला कमी, खांदाही पुढे आणि रुंद, सुमारे १०.९ च्या जागी ११.२ मिलिमीटर. आमच्या रायफलमध्ये कारागिराने डब्याच्या मागच्या बाजूला स्टीलचा पातळ ब्लॉक बसवून लांबी ७×५७ ला जुळवली होती आणि वरच्या फीड रेल (काडतूस धरून पुढे नेणाऱ्या कडा) हाताने घासून त्याच आकाराला आणल्या होत्या. बोल्ट पुढे ढकलला की काडतूस कुठेही न अडखळता चेंबरमध्ये जातं, रायफल आडवी-उलटी धरली तरी जातं, आणि ९८ चा मोठा पंजा (केस ओढून काढणारा एक्स्ट्रॅक्टर) ते पहिल्यापासून धरून असतो. .२८० करायचं तर ब्लॉक काढायचा, आणि तो काढूनही मिलिटरी डबा साधारण ८४ मिलिमीटरचा, तर .२८० ची कमाल लांबी ८४.५८, म्हणजे पुढची भिंत घासायची, फॉलोअर (काडतुसं वर ढकलणारी पट्टी) बदलायचा, रेल परत घासायच्या, आणि फीड रॅम्प (काडतूस चेंबरकडे वर नेणारा उतार) मागेपुढे करायची वेळ आली तर जपून, कारण खालच्या लगला आधार देणारा धातू तिथेच आहे, तो कमी केला तर अ‍ॅक्शनची ताकद कमी होते. रीमरचं काम एका दुपारचं, पण त्यानंतर हे सगळं. आणि प्रेशर ५१,००० वरून ६०,००० वर नेणार ते एका अशा मिलिटरी रिसीव्हरवर ज्याचं हीट ट्रीटमेंट कुणी तपासलेलं नाही. ९८ बहुतेक वेळा हे सोसते, खूप जणांनी केलंय, पण माझी नेमकी रिसीव्हर सोसेल का याचं उत्तर तपासणीशिवाय कुणी देऊ शकत नाही.

बॅरलवरच्या कोरीव अक्षरांचाही प्रश्न होता. चेंबर बदललं की जुनं कॅलिबर खोडून नवीन मारायलाच हवं, याला माझ्या लेखी पर्याय नाही. .२८० च्या चेंबरमध्ये ७×५७ ची गोळी गेली तर खांद्याला आधारच नाही, आणि माउजरचा पंजा केस मागून धरून ठेवत असल्यामुळे ती उडूही शकते, मग केस फाटून गॅस मागे येऊ शकतो. उद्या ही रायफल ज्याच्या हातात जाईल तो बॅरलवर लिहिलंय तेच घालणार. जिथे परवान्यावर कॅलिबर लिहिलेलं असतं तिथे आधी परवानगी घ्यावी लागते, आणि प्रूफ हाऊसची (बंदुकीची जास्त दाबाने चाचणी करून शिक्का मारणारी संस्था) पद्धत असलेल्या देशांत चेंबर कापल्यावर रायफल पुन्हा प्रूफ करून घ्यावी लागते, जुना शिक्का चालत नाही. हे सगळं करता येतं, पण रीमर फिरवायच्या आधी मोजायचं असतं.

आणि या सगळ्यातून मिळणार काय, तेही मी कागदावर मांडलं. २०० यार्डांवर झिरो धरला, म्हणजे साइट तिथे जुळवली, तर १४० ग्रेनची सौम्य ७×५७ आणि .२८० यांच्यात ३०० यार्डांवर बुलेट खाली जाण्यात फरक दोन-अडीच इंचाचा. मी ज्या जंगलात जातो तिथे २०० च्या पुढे स्वच्छ नजर जात नाही आणि गेली तरी मी तिथे ट्रिगर ओढत नाही. ज्याला उघड्या माळावर लांबचा शॉट घ्यायचा आहे त्याचं गणित वेगळं येईल, त्याने माझं उत्तर उचलू नये.

तेव्हा चेंबर कापलं नाही. मी त्याऐवजी रीलोडिंग केलं, म्हणजे गोळ्या स्वतः भरल्या, मामेभावाच्याच प्रेसवर, फक्त डाय ७×५७ चे घेतले. १६० ग्रेनची बुलेट निवडली, १७५ पेक्षा थोडी हलकी पण लांबीने थ्रोटला पुरेशी जवळ पोचणारी, साच्याच्या मापावरून बसवायची खोली ठरवली, लोड मॅन्युअलमधल्या खालच्या आकड्यापासून सुरू करून हळूहळू वर, आणि प्रत्येक पायरीला प्रायमर आणि केसचं बूड बघत. २,६०० फूट प्रति सेकंदाच्या आसपास थांबलो, कारण तिथे ग्रुप सव्वा इंचाच्या आत आला आणि बोल्ट दोन बोटांनी वर उचलला जातो. तीच रायफल, तेच बॅरल, तोच थ्रोट. मामेभाऊ शेजारी बसला होता, टार्गेट बघून म्हणाला, "ठीक आहे दादा, पण तू रीलोडिंग करतोस म्हणून जमलं, न करणाऱ्याने काय करायचं?"

त्याचा मुद्दा खरा आहे. जो फक्त दुकानातल्या गोळ्यांवर अवलंबून आहे त्याने आधी जड बुलेटची फॅक्टरी ७×५७ शोधावी, १७३-१७५ ग्रेनची अजून बनते, आणि त्यातही नाहीच जमलं तर मी कापण्यापेक्षा नवीन बॅरल लावायला सांगेन. जुनं बॅरल तेल लावून गुंडाळून ठेवता येतं, परत लावता येतं. चेंबर कापण्याचा सल्ला मी एकाच ठिकाणी देईन, जुनं चेंबर गंजाने किंवा चुकीच्या रीमरने आधीच बिघडलंय, बॅरलचा बाकी भाग उत्तम आहे, आणि मोठ्या काडतुसाने तो बिघाड पूर्ण निघून जातोय हे साच्यावर दिसतंय, तिथे.

या रायफलचं बॅरलही कधीतरी संपेल. तेव्हासाठी साच्याची सगळी मापं, थ्रोटची लांबी, ट्विस्ट आणि बॅरलच्या उताराचे व्यास दर दोन इंचांवर मोजून मी रायफलच्या कागदपत्रांत ठेवलेत. नवीन बॅरल ७×५७ चंच करायचं, थ्रोट १६० ते १७५ ग्रेनला धरून कापायला सांगायचं, आणि ९८ च्या आट्या ५५ अंशांच्या असतात, ६० च्या नाही, हे काम देतानाच सांगायचं.